ल्युब्लियानाचा शेंगेन व्हिसा: अर्ज कुणाकडे करायचा आणि कागद कुठे अडतात

नकाराचं पत्र हातात घेऊन येणाऱ्यांचे कागद तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खात्यात पैसे असतात, सुट्टी मंजूर असते, परत येण्याचा इरादाही पक्का असतो. तरीही अर्ज पडतो, कारण एक कागद एक सांगतो आणि दुसरा दुसरंच. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना पाहायला निघालेल्यांच्या बाबतीत हे जास्तच होतं. शहर छोटं, दोन-तीन दिवसांत पायी पाहून होणारं, त्यामुळे ते मोठ्या सहलीत कुठेतरी मध्येच खुपसलेलं असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ही माहिती भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जाणाऱ्यांची आहे. स्लोव्हेनिया डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. लागतो तो अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम. निर्णय नवी दिल्लीतला स्लोव्हेनियाचा दूतावास घेतो. कागद कुठे जमा करायचे ते अर्ज भरण्याच्या दिवशीच दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा, शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका.

आधी ठरवा: हा अर्ज स्लोव्हेनियाचा आहे का?

ल्युब्लियानाला भारतातून थेट विमान नाही. तिथली अॅड्रिया एअरवेज २०१९ साली दिवाळखोरीत गेली, तेव्हापासून शहराच्या विमानतळावर पर्यायही कमी झाले. म्हणून आपले लोक व्हेनिस, व्हिएन्ना, म्युनिक किंवा झाग्रेबला उतरतात आणि पुढे बस किंवा ट्रेन धरतात. मग प्रश्न येतो: "उतरणार इटलीत, तर व्हिसा इटलीचाच काढायचा ना?"

नाही. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार किंवा जो देश प्रवासाचं मुख्य कारण आहे, अर्ज त्याच देशाकडे. पहिल्यांदा पाऊल कुठे ठेवणार हे तेव्हाच बघायचं, जेव्हा मुख्य देश ठरवताच येत नाही. व्हेनिसला दोन रात्री, ल्युब्लियानात चार, ब्लेडला (तेही स्लोव्हेनियातच) दोन आणि व्हिएन्नात दोन असा बेत असेल, तर अर्ज स्लोव्हेनियाकडे. व्हेनिसला तीन, ल्युब्लियानात दोन आणि व्हिएन्नात तीन असेल, तर तो अर्ज स्लोव्हेनियाचा नाहीच. मग आठवण कितीही ल्युब्लियानाचीच राहणार असो.

मोठ्या देशांच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून छोट्या देशाकडे अर्ज करून प्रत्यक्षात पॅरिस-रोमला जायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. विमानतळावर अधिकारी हॉटेलचं बुकिंग मागू शकतो, आणि खोट्या बेतावर घेतलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. सल्ला देणारा तेव्हा तुमच्या शेजारी उभा नसतो.

खरं तर स्लोव्हेनियासाठी असं काही करायची गरजच पडत नाही. ल्युब्लियानात मुक्काम ठेवून जवळजवळ सगळा देश दिवसाच्या फेरीत पाहता येतो. ब्लेडचं सरोवर बसने तासाभराच्या आसपास, पोस्तोयनाची गुहा साधारण पन्नास किलोमीटरवर, त्याखेरीज १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या श्कोत्सियानच्या गुहा आणि समुद्रकाठचं पिरान. शहरातही योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकाराने घडवलेला तिहेरी पूल, नदीकाठचा बाजार, राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच्या इथल्या कामाला २०२१ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. सहा रात्री एकाच हॉटेलात राहिलात तर बुकिंग एक, पत्ता एक, तारखा सरळ. असा अर्ज वाचणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही. दर रात्री नवं गाव धरलेल्या बेतापेक्षा मी हाच बेत सुचवेन, फिरण्याच्या दृष्टीनेही.

"पंधरा दिवस आधी" चा अर्थ

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो. १० मे रोजी निघणार असाल तर दार १० नोव्हेंबरला उघडतं आणि २५ एप्रिलला बंद होतं. पण लोक हे "पंधरा दिवसांत व्हिसा हातात पडतो" असं वाचतात, आणि घोळ इथेच होतो. पंधरा कॅलेंडर दिवस ही निर्णयाची नेहमीची मुदत. एखाद्या अर्जाची जास्त छाननी लागली तर ती ४५ दिवसांपर्यंत जाते. शिवाय अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ आणि पासपोर्ट परत येण्याचा प्रवास यात धरलेलाच नाही.

आपल्याकडे शाळांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून सगळ्यांचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये एकदम येऊन पडतात. त्यात स्लोव्हेनियाच्या सुट्ट्या आहेत: २७ एप्रिल, १ आणि २ मे. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत कागद जमा झालेले असावेत. पासपोर्ट तेवढे दिवस तुमच्याकडे नसेल, तेव्हा मध्ये दुसरा परदेश प्रवास ठेवू नका.

पैसे कुठून आले, हे दिसलं पाहिजे

पासबुकाची झेरॉक्स म्हणजे बँक स्टेटमेंट नव्हे. बँकेचा सही-शिक्का असलेलं, अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट द्या. सहा महिन्यांचं दिलेलं बरं.

एक निवृत्त शिक्षक जोडपं आठवतं. खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा, थोडाफार खर्च, सगळं नीट. अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम चार लाख जमा. "अहो, मुलानेच टाकलेत, खातं भरलेलं दिसावं म्हणून," काका सांगत होते. खातं भरलेलं दिसलं, पण ते पैसे कुणाचे हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मुलगा खर्च करतोय तर तसं सरळ लिहा: मुलाचं पत्र, त्याचं स्टेटमेंट, त्याचा आयटीआर आणि नातं दाखवणारा कागद. आईवडिलांचा खर्च मुलाने करणं यात लपवण्यासारखं काही नाही. लपवल्यासारखं दिसलं की मात्र शंका येते.

नोकरदारांचं सोपं असतं: पगाराच्या स्लिपा, आयटीआर आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र. पत्रात रजेच्या तारखा आणि परत रुजू होण्याचा दिवस हवा. नुसती "हरकत नाही" एवढी एनओसी पुरत नाही.

खरी अडचण शेतकऱ्यांची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी कधी आयटीआर भरलेलाच नसतो, आणि कागदांच्या यादीत तो ठळक अक्षरांत मागितलेला असतो. यादी करणाऱ्याने पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. पंधरा एकर ऊस असलेला माणूस तिच्यात कुठे बसतच नाही, याची मला खरंच चीड येते. उपाय असा: आयटीआर का नाही हे अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा. डिजिटल सहीचा सातबारा जोडा. साखर कारखान्याची ऊसबिलं किंवा आडत्याच्या पट्ट्या जोडा आणि त्याच रकमा बँक स्टेटमेंटवर पेनाने खूण करून दाखवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायलाच हवं. दिल्लीतल्या दूतावासात कुणी सातबारा वाचून दाखवणार नाही.

छोट्या दुकानदारांचंही तसंच. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गुमास्ता परवान्याऐवजी नुसती सूचना दिल्याची पावती मिळते. ती चालते, पण भाषांतरासह, आणि सोबत जीएसटी किंवा उद्यम नोंदणीचा कागद असेल तर उत्तम.

लग्नाचा दाखला आणि नावं

हा कागद जुन्या जोडप्यांपैकी फारच थोड्यांकडे असतो. चाळीस वर्षांपूर्वी मांडवात लग्न झालं, नोंदणी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर बऱ्याचदा काम भागतं. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, हॉटेलच्या बुकिंगवर सासरचं आणि बँकेत तिसरंच, अशी स्थिती असेल तर मात्र दाखला लागतोच. उशिरानेही लग्नाची नोंदणी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत करता येते. त्यासाठी हेलपाटे पडतात, म्हणून हे काम सगळ्यांत आधी हाती घ्या. तिकीट, विमा, हॉटेल यांवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

अठरा वर्षांखालच्या मुलासोबत आई किंवा वडील एकटेच जाणार असतील तर दुसऱ्याची नोटरी केलेली संमती आणि मुलाचा जन्मदाखला लागतो.

बाकीचं नेहमीचं. दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा सहा महिन्यांच्या आतला फोटो. भरून सही केलेला अर्ज. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या आतल्या मुलांना ४५, सहा वर्षांखालच्यांना माफ. अर्ज केंद्रावर जमा करत असाल तर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे. केंद्रावर लाउंज, एसएमएस, फोटो असल्या जास्तीच्या सेवा पुढे केल्या जातात. त्या घेतल्याने निर्णयावर तसूभरही फरक पडत नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांना एकटं पाठवत असाल तर हे आधीच सांगून ठेवा.

विमा मात्र नीट वाचा. किमान ३०,००० युरोचं संरक्षण हवं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. आपल्याकडे पॉलिसी बहुधा डॉलरमध्ये विकतात. ३०,००० डॉलरची स्वस्त पॉलिसी घेऊन लोक निर्धास्त होतात आणि युरो डॉलरपेक्षा महाग असला की तीच कमी पडते. ५०,००० डॉलरची घ्या.

तिकीट आधीच विकत घेण्याची सक्ती नाही, आरक्षण चालतं. पण चार दिवसांत आपोआप रद्द होणारं नकली तिकीट देऊ नका. दूतावासाने तपासायच्या आतच ते नाहीसं झालं, तर बाकीचे खरे कागदही संशयात सापडतात.

व्हिसा हातात आला की स्टिकर वाचा

इथे फसतात ते व्हिसा मिळालेले लोक. समजा तुमचा प्रवास १० ते १९ मे. स्टिकरवर वैधता १० मे ते ३ जून लिहिलेली असेल आणि मुक्कामाच्या रकान्यात १० दिवस. त्याचा अर्थ ३ जूनपर्यंत राहता येतं असा नाही. पुढचे पंधरा दिवस ही तारीख पुढे-मागे झाल्यास असलेली सवलत आहे, मुक्काम दहाच दिवसांचा. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. मुंबईहून ९ तारखेच्या रात्री उशिरा निघालेलं विमान १० तारखेला पोचतं, तेव्हा अर्जात शेंगेनमध्ये पोचण्याची तारीख लिहायची, घरून निघण्याची नव्हे.

प्रवेशाच्या रकान्यात ०१ असेल तर एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे झाग्रेबला जाऊन येण्यात अडचण नाही. सारायेव्हो किंवा बेलग्रेड मात्र शेंगेनबाहेर आहेत. तसा बेत असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि ते बेतात दाखवा. शेंगेनच्या आतही पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका. इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वारंवार वाढवली. व्हेनिसच्या बसमध्ये पोलीस चढू शकतात.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्यांऐवजी प्रवेश-निर्गमनाची इलेक्ट्रॉनिक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणजे एक दिवस जास्त राहिलात तरी यंत्र पकडतं. आणि "एटियास" नावाची ऑनलाइन परवानगी काढून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर तिचा उपयोग नाही.

नकार आलाच तर

छापील फॉर्मवर एका-दोन चौकोनांत खूण, एवढंच हाती पडतं. नेमका कोणता कागद खटकला हे त्यावरून क्वचितच कळतं, आणि शुल्कही परत मिळत नाही. अपिलाचा हक्क आहे. मुदत त्याच पत्रात लिहिलेली असते, म्हणून पत्र त्याच दिवशी पूर्ण वाचा. कागदांत खरोखर उणीव राहिली असेल तर ती भरून नवा अर्ज करणं बहुतेकांना सोयीचं पडतं. त्यात आधीच्या नकाराबद्दल गप्प बसू नका. तो सगळ्या शेंगेन देशांच्या सामायिक नोंदीत पाच वर्षं दिसतो. आधी काय कमी होतं आणि आता काय जोडलंय, हे अर्जासोबतच्या पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.