ग्रह-उपग्रहांचे पृथ्वीपासूनचे अंतर

आकाशातील ग्रह व उपग्रह पृथ्वीपासून किती लांब आहेत, हे किलोमीटरमध्ये किंवा खगोलीय एककात सांगतात. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर, सुमारे १४.९६ कोटी किमी. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर आहे आणि त्यात फार मोठा फरक पडत नाही. ग्रहांचे मात्र एका आकड्यात भागत नाही, कारण पृथ्वी आणि ग्रह दोन्ही सूर्याभोवती फिरत असतात. शुक्र जवळ येतो तेव्हा सुमारे ४ कोटी किमीवर असतो. सूर्यापलीकडे गेला की २६ कोटींवर. मंगळ ५.५ ते ४० कोटींच्या दरम्यान असतो.

कोट्यवधींचे आकडे डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, म्हणून खानदेशातला रेल्वेमार्ग घ्यावा. जळगावच्या फलाटावर पृथ्वी ठेवली आणि चंद्र १ किमीवर धरला, तर पृथ्वी दीड डब्याएवढी, म्हणजे ३३ मीटरची होते आणि चंद्र जेमतेम ९ मीटरचा. याच मापाने मुंबईकडे निघाले की अगदी जवळ आलेला शुक्र चाळीसगाव ओलांडल्यावर भेटतो, मंगळ नांदगाव आणि मनमाडच्या मध्ये. सूर्य ठाण्याला. मंगळाचे फोबॉस व डायमॉस हे चंद्र मंगळापासून अनुक्रमे २४ व ६१ मीटरवर पडतात. त्यामुळे पृथ्वीपासून त्यांचे अंतर वेगळे सांगण्यात फारसा अर्थ नाही, मंगळाचे तेच त्यांचे. बुध व शुक्र यांना उपग्रहच नाहीत. गुरू गाठायचा तर गाडी उलट दिशेची, थेट हावड्याच्या आसपासपर्यंत.

‘सर्वांत जवळचा ग्रह कोणता?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरे आहेत. सर्वांत जवळ येतो तो शुक्र. पण वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर बुध जवळचा ठरतो: बुध सुमारे १.०४, शुक्र १.१४, मंगळ १.७० खगोलीय एकके. बुध सूर्याला धरून असतो, त्यामुळे तो शुक्राइतका लांब कधीच जात नाही. शाळेत बहुधा पहिलेच उत्तर शिकवले जाते.

याच चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ.स. ११५०) चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने (योजन हे अंतराचे जुने माप) आणि पृथ्वीचा व्यास सुमारे १,५८१ योजने दिला आहे. म्हणजे चंद्र ६५ पृथ्वी-त्रिज्यांवर; आजचा आकडा ६० आहे, चूक क्षम्य म्हणावी. सूर्य मात्र ६,८९,३७७ योजनांवर, चंद्राच्या जेमतेम १३.४ पट. कारण सर्व ग्रह (त्यांत सूर्य-चंद्रही आले) दररोज सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरलेले होते. मग ज्याला फेरीला जितके दिवस लागतात तितका तो लांब: सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे, चंद्राची फेरी २७.३ दिवसांची. खरे गुणोत्तर ३८९ आहे. सिद्धान्तातल्या मापाने जळगावहून निघालेला सूर्य भुसावळपर्यंतही पोहोचत नाही.