फटाके तेवढेच, मग हवा एखाद्या वर्षी जास्त का बिघडते?

दिवाळी झाली की नागपूरच्या हवेचे आकडे मोबाईलवर फिरतात आणि सगळे फटाक्यांवरच बोलतात, पण भाऊ, हवामानाचा हात त्यात फार मोठा आहे. आपल्या गावातल्या माणसाला हे नवीन नाही. थंडीत सकाळी वावराकडे निघालं की चुलीचा धूर वर जातच नाही, कौलाच्या उंचीवर आडवा पसरतो. आभाळ मोकळं, वारा पडलेला, अशात सूर्य बुडाला की जमीन झपाट्यानं थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड अन् जड होते आणि वर गरम हवेचा थर बसतो, मग खालचा धूर खालीच कोंडतो. पावसाळ्यात पाणी धूर-धूळ धुऊन नेतं, ऑक्टोबरात पाऊस परतला की तेही संपलं. म्हणून 2025 सारखी 20-21 ऑक्टोबरची दिवाळी आणि 2023 सारखी 12 नोव्हेंबरची, यात फरक पडतो. उशिरा आली तर थंडी वाढलेली असते, अन् तेवढ्याच फटाक्यांचा धूर जास्त वेळ रेंगाळू शकतो.

1952 च्या डिसेंबरात लंडनमध्ये फटाके नव्हते, कोळशाचाच धूर असा पाच दिवस कोंडला होता आणि तेव्हाच्या अंदाजानं चारेक हजार माणसं गेली.

तरी बारीक कणांकडे, म्हणजे पीएम 2.5 कडे, लक्ष फार उशिरा गेलं. अमेरिकेत त्याची मर्यादा 1997 मध्ये आली, आपल्याकडे 2009 मध्ये, 24 तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. हे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, थेट फुफ्फुसात खोल जातात. फटाक्यात गंधक, पोटॅशियम नायट्रेट, लाल रंगाला स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, सगळं त्यातूनच आत जातं.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं बेरियमवर बंदी घातली, कमी धुराचेच फटाके विका म्हटलं अन् दिवाळीला रात्री 8 ते 10 ची वेळ दिली. पुढच्या वर्षी नागपूरच्याच नीरी संस्थेनं बनवलेले ग्रीन फटाके आले, कण निदान 30 टक्के कमी असा दावा. कमी म्हणजे शून्य नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. आणि मला खटकते ती वेळ. दोनच तास दिले की फटाके कमी फुटतात, झोपमोड होत नाही, ते बरोबरच आहे, पण 8 वाजेपर्यंत हवेचं झाकण बसायला लागलेलं असतं, धूर पांगायला दुपारच बरी, अन् दुपारी अनार कोण लावतो!

केंद्राच्या 2019 च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातून नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर आहेत. सगळी शहरंच. गावात त्याच दिवसांत सोयाबीनचं कुटार पेटतं, थ्रेशरची धूळ उडते, लक्ष्मीपूजनाला अन् गायगोधनाला फटाके फुटतात, आणि सगळं त्याच थंड थराखाली कोंडतं. लहान लेकरं अन् दम्याची म्हातारी माणसं इथंही खोकतात, त्यामुळे तालुक्याच्या गावी निदान एक तरी मोजणी केंद्र पाहिजे.