एनपीयू आणि न्यूरोमॉर्फिक चिप: फरक वेळेचा आहे

फोनच्या जाहिरातीत ‘न्यूरल इंजिन’ किंवा ‘एनपीयू’ दिसलं की कुणीतरी हमखास लिहितं, ‘मेंदूसारखी चालणारी चिप आली.’ नाही आली. मेंदूच्या रचनेवर बेतलेल्या चिपला न्यूरोमॉर्फिक म्हणतात, आणि तिची जातच वेगळी.

एनपीयू (न्यूरल प्रोसेसिंग युनिट) बहुतेकांना ठाऊक आहे: न्यूरल नेटवर्कमधले, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यातले, गुणाकार आणि बेरजा झपाट्याने उरकणारं यंत्र. गूगलच्या टीपीयू या अशाच कामाच्या पहिल्या चिपमध्ये गुणाकार करणारे ६५,५३६ घटक एकाच वेळी राबत. त्यात ‘न्यूरल’ काही असेल तर ते गणित, चिप नव्हे.

खरी गफलत वेळेपाशी होते. नेटवर्कमधला ‘न्यूरॉन’ आलेल्या संख्यांना वजनांनी (प्रशिक्षणात ठरलेल्या आकड्यांनी) गुणतो, बेरीज करतो, पुढे देतो. ही बेरीज आत्ता करा की तासाभराने, उत्तर तेच. मेंदूतल्या चेतापेशीचं तसं नाही. तिच्यात विद्युतभार साठतो आणि गळतही राहतो, बुडाला भोक पडलेल्या बादलीतल्या पाण्यासारखा. दोन स्पाइक, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, लागोपाठ आले तर पातळी उंबरठा ओलांडते आणि ती स्वतः एक स्पाइक सोडते. तेच दोन अंतराने आले तर पहिल्याचा भार एव्हाना गळून गेलेला असतो, काहीच घडत नाही. म्हणजे ‘किती’ इतकंच ‘केव्हा’ महत्त्वाचं. इंटेलने २०१७ मध्ये आणलेल्या लोइही चिपमध्ये हीच गळती बादली सिलिकॉनमध्ये उतरवली आहे.

याने काय साधतं? रात्री रिकाम्या जिन्यावर रोखलेला कॅमेरा घ्या. साधा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं पाठवतो आणि एनपीयू प्रत्येक चित्राचा हिशेब नव्याने मांडतो, जिना तोच असला तरी. इव्हेंट कॅमेऱ्याचा पिक्सेल मात्र उजेड बदलला तरच बोलतो, आणि मागची न्यूरोमॉर्फिक चिप तोवर जवळजवळ गप्प असते. शिवाय वजनं चेतापेशीच्या शेजारीच साठवलेली, त्यामुळे दूरच्या मेमरीतून आकड्यांची ने-आण नाही. २०१४ च्या आयबीएम ट्रूनॉर्थमध्ये १० लाख चेतापेशी आणि २५.६ कोटी सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) होते. वीज लागायची सुमारे ७० मिलिवॉट.

‘न्यूरोमॉर्फिक म्हणजे अॅनालॉग’, म्हणजे ०-१ ऐवजी सलग बदलणाऱ्या विद्युत संकेतांवर चालणारी चिप, हाही गैरसमज. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात शास्त्रज्ञ कार्व्हर मीड यांनी सुरुवात अॅनालॉगने केली खरी, पण ट्रूनॉर्थ आणि लोइही पूर्ण डिजिटल आहेत.

म्हणून न्यूरोमॉर्फिक सगळीकडे सरस असंही नाही. स्थिर फोटो ओढूनताणून स्पाइकमध्ये बदलून ओळखून दाखवण्याची प्रात्यक्षिकं मला मुळीच पटत नाहीत. ते काम एनपीयूचं. स्पाइक म्हणजे अचानक मारलेली उडी, तिचा नेहमीसारखा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढता येत नाही, आणि वजनं सुधारायला तोच लागतो, त्यामुळे प्रशिक्षणही जड जातं. पण श्रवणयंत्र, यंत्राच्या कंपनांवर सतत कान ठेवणारा सेन्सर, छोट्या ड्रोनचा डोळा, जिथे बराच वेळ काही घडत नाही आणि घडलं की क्षणात कळायला हवं, तिथे माझं मत न्यूरोमॉर्फिकलाच.

पुढच्या वेळी ‘मेंदूसारखी चिप’ असं वाचलंत तर एवढंच विचारा: समोर काहीच बदलत नसताना ती काय करते?