उचल, कोयता आणि स्थलांतराचा हिशेब

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं ओस पडू लागतात. ट्रॅक्टरमध्ये बाजरीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं घालून माणसं सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, काही थेट बेळगावकडे ऊस तोडायला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं. स्थलांतराने समाजाचं भलं होतं की नुकसान, या प्रश्नाला इथे एक उत्तर नाही. फायदा एका गावात जमा होतो, खर्च दुसऱ्या गावाच्या नावावर पडतो.

कुटुंबच्या कुटुंब का जातं, याचं कारण उसाच्या रसायनात आहे. ऊस तुटला की त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतं, आणि त्यांची दाणेदार साखर होत नाही. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळावा लागतो. साखर बुडख्यात जास्त, म्हणून कोयता जमिनीलगत चालवायचा. शेंड्यात कमी, म्हणून वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, छाटायचं. कारखाना रात्रंदिवस सुरू, त्यामुळे तोडणारा माणूस फडाजवळच, म्हणजे उसाच्या शेतालगतच हवा. कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, तिथे उभ्या राहतात त्या यासाठी.

नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. समजा जोडप्याने मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, एक लाखाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतली. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस. कारखाना ११० दिवसांत बंद झाला, तर तोड २२० टन, कमाई ८०,५२० रुपये, आणि १९,४८० रुपये अंगावर. यात आजारपणाचे खाडे धरलेले नाहीत. दुष्काळात ऊस कमी, म्हणून हंगाम आखूड, आणि नेमकी त्याच वर्षी उचलीची गरज सगळ्यात मोठी. या गणिताचा खरा काच इथे आहे.

तरी लोक उचल घेतात, आणि त्यात अडाणीपणा नाही. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं की स्थलांतराचा निर्णय एकटा माणूस नव्हे, कुटुंब घेतं, आणि जास्त मजुरीइतकंच कर्ज व विम्याची सोय हेही त्यामागचं कारण असतं. तारण नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला लग्नासाठी, विहिरीसाठी एकरकमी पैसा देणारा दुसरा कोण आहे? फडावर वाढं विकून रोजचा किराणाही सुटतो.

कायदा मात्र अर्धाच पोचला. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी केलेला होता. म्हणजे बीडची टोळी बेळगावला गेली तर त्यात बसायची, कोल्हापूरला गेली तर नाही.

सगळ्यात जड किंमत बायकांच्या शरीरातून वसूल होते. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी, जवळ संडास नाही, पाळीतही सुट्टी नाही. २०१९ च्या शासकीय चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यासोबत बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. तिशीतल्या बाईला ते पुढची अनेक वर्षं ओझं उचलतानाच सोसावं लागतं.

लेकरांचं नुकसान तारखांतून समजतं. एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं बाळ गोवर-रुबेलाच्या नवव्या महिन्याच्या लसीला येतं जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे फडावर. लसीकरणाचं कार्ड सोबत न्यावं आणि तिथल्या आशाताईला दाखवावं. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते. शाळकरी मुलांसाठी गावातलं हंगामी वसतिगृह हा आजवरचा सगळ्यात चांगला उपाय: मूल आजीजवळ राहतं, जेवण मिळतं, वर्ग तुटत नाही. पण ते टोळ्या निघण्याआधी सुरू व्हायला हवं. डिसेंबरात उघडलं, तर तोवर मूल फडावर पोचलेलं असतं, आणि थोरली मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळत कोपीत बसलेली असते.