शैली-साठवण (कोड एडिटर)

कोड एडिटरमध्ये अक्षरांचा रंग, ठळकपणा, अधोरेखा ही माहिती मूळ मजकुराबाहेर ठेवण्याची आणि पडद्यावर थरांनी चढवण्याची पद्धत. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये सहसा यातले काहीच जात नाही.

कोल्हापुरातल्या संगणकवर्गात सहज लिहिली जाईल अशी एक ओळ घ्यावी : गाव = "कोल्हापूर". अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी युटीएफ-८मध्ये अवतरणातल्या शब्दाला २७ बाइट लागतात, युटीएफ-१६मध्ये ९ एकके (प्रत्येकी १६ बिट). सिंटिला हा एडिटर-घटक (१९९९) मजकुराच्या दर बाइटामागे शैलीचा एक बाइट ठेवतो. म्हणजे एका रंगासाठी २७ बाइट. ‘इथून इथवर हा रंग’ असा पट्टा नोंदवला तर एका नोंदीत भागते. व्हीएस कोड या एडिटरने २०१७च्या सुमारास दर टोकनला (शब्द, चिन्ह असा कोडचा सुटा तुकडा) दोन ३२-बिटी आकडे दिले : एकात स्थान, दुसऱ्यात भाषा (८ बिट), प्रकार (३), ठळक-तिरपे (३), अक्षराचा रंग (९) व पार्श्वभूमी (९). प्रत्यक्ष रंग तिथे नसतो, रंगतक्त्यातला क्रमांक असतो.

शैली अक्षराची की वरच्या थराची, हा वाद १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत तरी मागे जातो. इमॅक्स या एडिटरच्या दोन शाखांपैकी ल्युसिड इमॅक्सने दोन्हींसाठी ‘एक्स्टेंट’ ही एकच वस्तू मानली. जीएनयू इमॅक्सने अक्षरासोबत कॉपी होणारे गुणधर्म आणि जागेवरच राहणारे ‘ओव्हरले’ वेगळे केले. अर्धा पट्टा कापून पुन्हा तिथेच चिकटवला तर पट्टा एक उरतो की दोन होतात, ही अडचण पाहता दुसरी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. मात्र जीएनयूचे ओव्हरले दीर्घकाळ साध्या यादीत होते. ते जास्त झाले की एडिटर जड होई. आवृत्ती २९मध्ये (२०२३) त्यांच्यासाठी अंतराल-वृक्ष, म्हणजे पट्टे फांद्याफांद्यांनी मांडणारी रचना, आला. वरच्या ओळीआधी ‘करवीर’ टाइप केले, तर पुढचा प्रत्येक पट्टा हलवावा लागत नाही. किती सरकायचे ते फांदीवर एकदाच नोंदले जाते.

पट्ट्याच्या टोकाशी टाइप केलेले अक्षर आत घ्यायचे की बाहेर, हे प्रत्येक पट्ट्यासाठी ठरवावे लागते.

देवनागरीत टोकाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. वरच्या ओळीत ‘कोल’ शोधले, तर शोधाचा पट्टा तिसऱ्या एककाशी संपतो आणि हलन्त बाहेर राहतो. तिथे तुकडा पाडून अक्षरे जुळवणाऱ्या एडिटरमध्ये ‘ल्ह’ फुटते. सुट्या हलन्तापाशी ठिपक्यांचे वर्तुळही उमटू शकते. नोंदीतले टोक अचूक तिथेच ठेवून, रंगवताना मात्र ते जोडाक्षराच्या कडेपर्यंत न्यावे, हे उत्तम.