काचेच्या पेटीतली घटपर्णी: दलदल, पाणी आणि एका नावाचा गुंता

माशांच्या दुकानात 'पिचर प्लांट'ची, म्हणजे घड्यासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या घटपर्णीची, लटकती कुंडी दिसायला लागून फार वर्षं झालेली नाहीत. त्याआधी टँकवाल्यांचं जग वेगळं आणि झाडवाल्यांचं वेगळं होतं. दोघांना जोडणारी पेटी, म्हणजे खाली पाणी आणि वर दलदल असलेलं पॅल्युडेरियम, आपल्याकडे रुळली ती एलईडी दिवे, घरोघरची आर.ओ. यंत्रं आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, स्वस्त रोपं जवळजवळ एकाच काळात हाताशी आली म्हणून.

पेटीची कल्पना मात्र जुनी. १८२९ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला आणि त्या मातीत नेचा नि गवत उगवलं. चार वर्षांनी अशाच काचपेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत गेली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि पाण्याच्या पेटीचंही वेड पसरलं. घटपर्णी त्या काळी दिवाणखान्यात येऊ शकत नव्हती, तिला कोळशावर तापवलेलं काचघर लागायचं. १८६२ पासून तिच्या संकरांची लाट आली, ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोळशाबरोबरच ओसरली.

या काळातली एक गोष्ट नावांच्या आजच्या गोंधळाच्या मुळाशी आहे. आपल्या खासी टेकड्यांतली घटपर्णी इंग्लंडच्या रोपवाटिकांत कितीतरी वर्षं श्रीलंकेतल्या घटपर्णीच्या नावाने विकली जात होती. तिला स्वतःचं शास्त्रीय नाव, नेपेंथिस खासियाना, मिळालं ते १८७३ मध्ये. गारो लोक तिला 'मेमांग-कोकसी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. लोकांनी तिला केव्हाच ओळखलं होतं; बाजाराने ओळखलं नव्हतं.

मग आला १९९१ चा निर्णय. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्या वर्षी वनस्पतींसाठी नवं प्रकरण आणि सहावी अनुसूची घालण्यात आली. अनुसूचीत अवघ्या सहा नोंदी, त्यांतली एक 'पिचर प्लांट', पुढे कंसात नेपेंथिस खासियाना. जंगलातून उपटणं बंद झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. जगात ही जात जंगली उगवते ती मेघालयाच्या टेकड्यांत आणि आसपासच. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही ती सर्वांत कडक, पहिल्या परिशिष्टात आहे. नेपेंथिस राजा सोडली तर तिच्या इतर सगळ्या बहिणी दुसऱ्या परिशिष्टात. पण १९९१ च्या त्याच प्रकरणाने परवान्याशिवाय लागवड करायलाही मनाई केली. बियांपासून कुंडीत वाढवलेलं रोप आणि डोंगरातून खणून आणलेलं रोप यांत घरच्या माणसापुरता फरकच उरला नाही. माझ्या मते हा कलम लिहिणाऱ्यांचा चुकलेला अंदाज होता. जी जात गावोगावच्या बागांत हजारोंनी वाढली असती तर जंगलावरचा भार हलका झाला असता, तीच छंदातून बाहेर गेली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आल्या, पण खासियाना यादीत आहेच.

कंसातलं नाव कुणी वाचत नाही, हा यातला दुसरा घोळ. 'पिचर प्लांट घरी ठेवणं गुन्हा आहे' असं आजही छातीठोक सांगितलं जातं. आपल्याकडे लटकत्या कुंडीत सर्रास मिळणारी घटपर्णी बहुतेकदा फिलिपिन्सच्या दोन जातींचा संकर असते. यादीत तिचं नाव नाही. आणि आपण मराठीत 'घटपर्णी' म्हणतो ते नेपेंथिसलाही आणि अमेरिकेतल्या सॅरासिनियालाही. दोन्हींना घडे असतात, पण नातं जवळचं नाही. सॅरासिनिया आणि तिच्याच मुलखातला, किडा बसताच पान मिटणारा व्हीनस फ्लायट्रॅप यांना हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीतली झोप लागते. बारा महिने अठ्ठावीस अंशांवर राहणाऱ्या बंद पेटीत ती झोप मिळत नाही. पहिल्या वर्षी रोप हिरवंगार दिसतं, दुसऱ्या वर्षी पानं लहान होत जातात आणि मग कंद मऊ पडतो. माझ्या पहिल्या टँकमधले दोन फ्लायट्रॅप असेच गेले. 'पेटीत ठेवा, दमटपणा लागतो' हा विकणाऱ्याचा सल्ला अर्धाच खरा होता.

मग पॅल्युडेरियममध्ये हक्काने बसतं कोण? उत्तर बोर्निओच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या, दलदलीत आहे. तिथे चहासारख्या तांबूस, आम्ल पाण्यात दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान लाल रासबोरा मासे पोहतात आणि काठावर नेपेंथिस अँप्युलारिया पसरते. तिचे गोल घडे जमिनीलगत झुबक्याने येतात, झाकण मागे वळलेलं असतं आणि किड्यांबरोबर वरून पडणारा पालापाचोळाही ती पचवते. मासा आणि झाड दोघांनाही क्षार नकोत, त्यामुळे पाण्यावरून दोघांचं भांडण मिटतं. गप्पी ठेवायचे झाले की ते पुन्हा सुरू होतं. गप्पींना जड पाणी मानवतं, तर कीटकभक्षी झाडांच्या मुळांना पन्नासच्या वर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) सोसत नाही. म्हणून जुने लोक दलदलीचा कप्पा वेगळा ठेवतात. त्यात स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं दलदलीतलं शेवाळ), वरून पावसाचं किंवा एसीच्या नळीचं पाणी, आणि खालचं माशांचं पाणी मुळांपर्यंत चढू द्यायचं नाही. बोअरच्या पाण्यावर हा प्रयोग करूच नये.

पाण्याखालची बाजू मात्र युट्रिक्युलारियाने, म्हणजे बारीक फुगे असलेल्या कीटकभक्षी वनस्पतीने, केव्हाच जिंकली होती. तिचे फुगे तरंगण्यासाठी असतात, असं एकोणिसाव्या शतकात बराच काळ मानलं जाई. १८७५ च्या सुमारास अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ते सापळे असल्याचं सिद्ध झालं, पण प्राणी स्वतः दार ढकलून आत शिरतात अशी समजूत राहिली. फुगा आतलं पाणी उपसून ठेवतो आणि दारावरच्या केसाला धक्का लागताच मिलिसेकंदाच्या आत भक्ष्य ओढून घेतो, हे विसाव्या शतकात उमगलं. टँकमधला झुबका पाण्याबाहेर उचलून कानाजवळ धरला तर बारीक तडतड ऐकू येते. हवेत सुटणारे सापळेच ते. पूर्वी टँकवाले या झाडाला शेवाळासारखं तण समजून काढून टाकायचे. गेल्या वीसेक वर्षांत जपानी धाटणीच्या झाडांच्या टँकची ओढ लागली आणि युट्रिक्युलारिया ग्रामिनिफोलिया तळावरचा गालिचा म्हणून महागात विकली जाऊ लागली. भारत-श्रीलंकेत ओल्या जागी जंगली उगवणारी ही जात जेलीच्या कपांत बसून, परदेशी शिक्का घेऊन आपल्या टँकमध्ये आली.

कासच्या पठारावर सप्टेंबरात जांभळी होऊन पसरणारी सीतेची आसवं तिच्याच कुळातली. शेजारी ओल्या कातळावर चिकट पानांनी किडे पकडणाऱ्या दवबिंदूची लाल रोपटी. दोन्ही वर्षायू. पाऊस संपला की पठार वाळतं, रोपंही वाळतात, आणि पुढच्या जूनपर्यंत मातीत असतं ते फक्त बी. पेटीला हे चक्र देता येत नाही. तिथून उपटून आणलेलं रोप टँकमध्ये दिवाळीही पाहत नाही.