बहुवर्षायू फुलझाडांची बियांपासून लागवड (मराठवाडा)

एकदा रुजल्यावर अनेक वर्षे जगणाऱ्या आणि हंगामामागून हंगाम फुलणाऱ्या झाडांना बहुवर्षायू फुलझाडे म्हणतात. झेंडू, तेरडा किंवा झिनिया ही हंगामी झाडे काही महिन्यांत बी धरून वाळून जातात. सदाफुली, गोकर्ण, अबोली, गुलबास, कोरांटी, पारिजातक ही मात्र टिकतात आणि ती बियांपासून चांगली येतात. मोगरा, जास्वंद, तगर हीही बहुवर्षायूच, पण त्यांची लागवड बहुधा छाट किंवा दाब कलमाने होते. शेवंती काश्यांपासून, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या मुळ्यांसह कोंबांपासून लावतात, कारण बियांपासून आलेल्या झाडाला मूळ झाडासारखीच फुले येतील याचा भरवसा नसतो. म्हणून नवख्याने पहिल्या गटातील झाडांपासून सुरुवात करणे योग्य.

बहुवर्षायू हा शब्द हवामानाला बांधलेला आहे. मादागास्करमधून आलेली सदाफुली मराठवाड्यात वर्षानुवर्षे जगते, पण थंड देशांत हिवाळ्यातील हिमामुळे मरत असल्याने तिथे ती हंगामी म्हणून लावतात. उलट डेल्फिनियमसारखी झाडे तिकडे बहुवर्षायू असली तरी मराठवाड्याचा उन्हाळा त्यांना सोसत नाही. बियांच्या पाकिटावरील शब्द वाचून फसगत होते ती इथे. थंड प्रदेशातील अनेक बियांना रुजण्याआधी काही आठवडे ओलसर थंडावा लागतो आणि त्यासाठी ती शीतकपाटात ठेवण्याचा सल्ला दिलेला असतो. वर नमूद केलेल्या देशी वळणाच्या झाडांना त्याची गरज नाही.

या प्रदेशात झाडाची खरी परीक्षा पहिल्या एप्रिल-मे महिन्यांत होते. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, विहिरी आणि बोअर आटतात. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा ठिकाणी उन्हाळ्याआधी मुळे खोल गेलेले झाड थोड्या पाण्यावर तग धरते, तर फेब्रुवारीत उगवलेले कोवळे रोप दिवसाआड पाणी मागते. म्हणून पेरणी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत करावी. उष्णताप्रिय बियांना ही हवा मानवते आणि रोपाला मुळे वाढवायला सात-आठ महिने मिळतात.

मराठवाड्याची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असून ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मोठ्या झाडाला ती पोसते. पण बी रुजवायच्या कुंडीत हीच माती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि वाळताना कोवळी मुळे तोडते. पोयट्याची माती, चाळलेली वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग घेतले तर मिश्रण भुसभुशीत राहते. पूर्वी तेलाचे डबे वापरत, आता प्रोट्रे (रोपांसाठीचे छोट्या खणांचे प्लास्टिकचे ट्रे) किंवा दह्याचे डबे वापरतात. भांडे कोणतेही चालेल, तळाला भोके मात्र हवीत. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते आणि ते सतत दिल्यास मातीवर पांढरा थर दिसू लागतो. रोपे लहान असेपर्यंत पागोळीचे साठवलेले पावसाचे पाणी देणे उत्तम.

बी किती खोल टोकावे याचा ढोबळ नियम असा, की त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असावी. त्यापुढे मात्र प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा. गोकर्णाच्या बियाचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. बी पॉलिश पेपरवर एका कडेने हलके घासावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी जी फुगलेली दिसतील ती पेरावीत. जी तशीच टणक राहिली असतील ती पुन्हा घासून भिजवावीत. सदाफुलीचे बारीक काळे बी अंधारात चांगले रुजते, म्हणून ते मातीने नीट झाकावे. गुलबासाचे मिऱ्यासारखे सुरकुतलेले बी सर्वांत सोपे, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये.

अबोलीचे बी मिळवणे हे वेगळेच कौशल्य आहे. कणसासारख्या फुलोऱ्यातील वाळलेल्या बोंडांना पाणी लागले की ती टिचकन फुटतात आणि बी दूर उडते; पहिल्या सरीबरोबर सगळे बी हातचे जाते. त्यामुळे बोंडे पिवळसर तपकिरी होताच काढावीत, वाटीत ठेवून पाण्याचे चार थेंब शिंपडावेत आणि लगेच वर झाकण ठेवावे. काही क्षणांत आतून टकटक ऐकू येते. हे बी ताजेच पेरावे. त्याची उगवण मागेपुढे होत राहते, म्हणून दोन आठवड्यांत काही दिसले नाही तरी माती उकरू नये.

उगवलेली रोपे सर्वाधिक मरतात ती रोपमर रोगाने. सायंकाळी ताठ असलेले रोप सकाळी जमिनीलगत पिचून आडवे पडलेले दिसते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी याचे कारण असतात आणि त्यांना बळ देते ते दाट पेरणी व सतत साचलेले पाणी. नवखा माणूस काळजीपोटी दिवसातून तीनदा पाणी घालतो आणि त्यानेच रोपे जातात. वरची माती सुकू लागल्यावरच झारीने, शक्यतो सकाळी, पाणी द्यावे आणि वेळीच विरळणी करावी, म्हणजे दाट उगवलेली जादा रोपे काढून टाकावीत.

चार ते सहा खरी पाने (बियातून प्रथम निघणाऱ्या दलांनंतरची पाने) आली की रोपे आठवडाभर हळूहळू उन्हाची सवय लावून, ढगाळ दिवशी किंवा दिवस कलल्यावर मुळाशी असलेल्या मातीच्या गोळ्यासह लावावीत. सदाफुली आणि गोकर्ण त्याच वर्षी फुलतात. पारिजातकासाठी अधिक धीर धरावा लागतो. फेब्रुवारीपासून आळ्यात पाचोळ्याचे किंवा भुसाचे आच्छादन द्यावे आणि कुंड्या दुपारच्या सावलीत सरकवाव्यात. गुलबासाचे वरचे झाड वाळून गेले तरी जमिनीखाली गाजरासारखे जाड मूळ जिवंत असते. रिकामी समजून अनेकजण ती कुंडी मे महिन्यात उपसतात. ती पुढच्या मृगापर्यंत तशीच राहू दिली, तर पहिल्या चांगल्या पावसानंतर त्याच जागी लालसर कोंब वर येतात.